इंजिनासाठी साठवलेले पैसे बारीकसारीक कामांतच जातात : स्विफ्ट १.३, कोल्हापूर

एमएच-०९ स्विफ्ट | १ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००७ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे, व्हीएक्सआय, १.३ इंजिनाची. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. मी शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) आहे, हातात २७ हजार येतात. या गाडीचं इंजिन नव्यासारखं, जमलं तर नव्यापेक्षा जरा चांगलं बांधून घ्यायचं हे दोन वर्षांपासून डोक्यात आहे. घरचे म्हणतात विकून टाक. मला हीच ठेवायची आहे.

परवा पाडव्याला वही काढून हिशेब मांडला आणि पोटात गोळा आला. इंजिनासाठी म्हणून बाजूला आहेत २२,०००. आणि गेल्या १४ महिन्यांत गाडीला "एवढंच करू" म्हणत जे लावलं, त्याची बेरीज ३८,६००. म्युझिक सिस्टिम आणि स्पीकर ११,५००, सीट कव्हर ६,०००, फॉग लॅम्प आणि एलईडी पट्ट्या ३,४००, कोनासारखा एअर फिल्टर ३,२००, मागचा सायलेन्सर ५,५०० आणि पुढच्या डिस्क, पॅड, ब्रेक ऑइलचे ९,०००. एकाही वेळी हात आखडावा असं वाटलं नाही, कारण प्रत्येक रक्कम छोटी होती.

इंजिनाची अवस्था अशी : सकाळी पहिल्यांदा चालू केली की निळसर धूर येतो, मग थांबतो. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल कमी होतं. चढाला दम लागतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. छोटी कामं पूर्ण बंद करू का, की काही चालतील? आणि जुन्या बलेनोचं १.६ इंजिन मिळतंय म्हणून एकजण मागे लागलाय, ते टाकावं का?

---

उद्यमनगरी | १ एप्रिल

भावा, आधी पैशाचं सोड, इंजिनाला काय झालंय ते बघ. न बघता साठवालायस, म्हणजे किती साठवायचं हेच तुला माहीत नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट करून घे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते कळेल. गाडी गरम करायची, चारही प्लग काढायचे, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि एकेका सिलिंडरचा आकडा लिहायचा. चारही आकडे चांगले असतील आणि त्यांच्यात फार फरक नसेल तर काळजी नाही. एखादा खाली असेल तर त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत बघायचं. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, झिजून गेलाय. तिथंच राहिला तर व्हॉल्व्ह धरत नाहीत. एवढ्यावरून काम हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाचं, आहे की खालचं ते कळतं, आणि दोन्हीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तू सकाळच्या धुराचं लिहिलंयस. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल व्हॉल्व्हच्या सीलवरून खाली उतरतं आणि पहिल्या मिनिटात जळतं. फक्त तेवढंच असेल तर काम स्वस्तात होईल. पण चढाला दम लागतोय म्हणजे रिंगांवरही संशय आहे.

आता "अपग्रेड"चं. या इंजिनाचा बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ७५.५, म्हणून १२९८ सीसी. ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन टाकलास तर १३१६ होतं, म्हणजे १८ सीसी वाढली. तेवढ्यानं ताकद वाढत नाही. कुणी तुला "बोअर वाढवून पिकअप देतो" म्हणून पैसे सांगत असेल तर उठून ये. बोअर मारायचा तो झीज काढायला. ताकद मिळते ती सगळं मापात बसवल्यावर, कारण जी गळत होती ती परत येते. कंपनीनं ८७ बीएचपी दिलीय. तुझ्या गाडीत आज त्यातली किती उरलीय देव जाणे.

३० वर्षं लेथवर आणि बोअरिंग मशीनवर काढलीत, म्हणून सांगतोय.

---

कागदपत्र | २ एप्रिल

बलेनोच्या इंजिनाबद्दल. ते १५९० सीसीचं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. इंजिनाची क्षमता (सीसी) हा त्या प्रमाणपत्रातलाच तपशील आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. यापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. अपघात झाला आणि बॉनेटखाली वेगळंच इंजिन निघालं, तर विमा कंपनीशी भांडायला तुमच्या हातात काही राहत नाही.

स्वतःचाच ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मूळ सांगाडा, ठेवून इंजिन बांधलंत तर इंजिन नंबर तोच राहतो आणि ती दुरुस्ती ठरते. भंगारातून आणलेलं इंजिन, अगदी त्याच मॉडेलचं असलं तरी, नंबर बदलतो. मग आरटीओची परवानगी, खरेदीचं बिल, नोंदणीत नवा नंबर. बिल नसलेलं इंजिन कुठल्या गाडीतून आलंय ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि पोलीस येतात ते नंबर घेऊन येतात.

---

चिल्लरवही | २ एप्रिल

दादा, तुमच्या यादीतला ३८,६०० हा आकडा मला तितका वाईट वाटत नाही. अडचण ही आहे की तुमचे इंजिनाचे पैसे आणि गाडीचे पैसे एकाच खात्यात आहेत. ज्या खात्याचं कार्ड खिशात आहे त्यातले पैसे साठत नाहीत.

मी घरचा खर्च सांभाळते आणि माझ्या स्कूटरसाठी असंच साठवलं होतं. पगार ज्या दिवशी होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी बँकेची आरडी लावा. काही बँकांत ६ महिन्यांपासून मिळते, पुढं तीन-तीन महिन्यांच्या पटीत. पोस्टाची लावू नका, ती पाच वर्षांची असते. आज जे २२ हजार आहेत त्यांची आजच मुदत ठेव करा. आणि छोट्या कामांसाठी दरमहा ठराविक रक्कम वेगळी काढा, समजा ८०० रुपये, रोख, पाकिटात. या महिन्यात नाही खर्चले तर पुढच्या महिन्यात १,६०० होतात. काही लावायचं मनात आलं की पाकीट उघडायचं. त्यात असेल तर लावा, नसेल तर थांबा. पूर्ण बंद करू नका. बंद केलेलं माणूस चोरून करतं, आणि मग दुप्पट करतं.

भिशीत घालायचा विचार असेल तर या कामासाठी नको. माझी एक भिशी मध्येच फुटली. सगळ्या ओळखीच्या बायका होत्या, कुणी कुणाला बोललं नाही, पण सात महिन्यांचे पैसे परत यायला दीड वर्ष गेलं.

---

घाटमाथा | ३ एप्रिल

ब्रेकचे ९,००० यादीतून काढ. तो खर्च नव्हे. मी राधानगरीचा, फोंडा घाट महिन्यातून दोनदा उतरतो. चार वर्षांपूर्वी पाच माणसं आणि मागं आंब्याच्या पेट्या घेऊन कणकवलीकडं उतरत होतो. गिअर चौथा, पाय सारखा ब्रेकवर. निम्म्या घाटात पेडल मऊ झालं. दुसऱ्यांदा दाबलं तर जवळजवळ फरशीला टेकलं. दुसऱ्या गिअरमध्ये घालून, हँडब्रेक थोडाथोडा ओढत कठड्याच्या बाजूला लावली. मागच्या सीटवर आई होती, ती काही बोलली नाही, फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली.

कारण इतकंच की ब्रेक ऑइल सहा वर्षं बदललं नव्हतं. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट-३ प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी ओढलेलं १४० अंशांना. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. दर दोन वर्षांनी बदल. आणि जे इंजिन तू बांधणार आहेस ते थांबवायलाही हेच ब्रेक लागणार आहेत.

---

एमएच-०९ स्विफ्ट | ३ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. बलेनोचा विषय कट. ताई, ७ तारखेपासून ५,५०० ची आरडी लावतो, नऊ महिन्यांची. २२ हजारांची ठेव आज दुपारच्या सुट्टीत केली. पाकीटपण केलंय, ८०० घालून कपाटात वडिलांच्या जुन्या लायसन्सच्या डबीत ठेवलंय.

---

तिसरा गिअर | ५ एप्रिल

तो कोनासारखा फिल्टर काढून कंपनीचा डबा परत बसव. उघडा कोन इंजिनाच्या बाजूचीच तापलेली हवा ओढतो. मूळ डब्याची नळी पुढून थंड हवा घेते. गरम हवा विरळ, त्यात ऑक्सिजन कमी. आवाज वाढतो म्हणून जोर वाढल्यासारखा वाटतो एवढंच. आपलं कोल्हापूर आधीच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, टर्बो नसलेलं इंजिन इथं पाचेक टक्के कमीच देतं. कोकणात उतरल्यावर गाडी हलकी वाटते त्यात याचाही वाटा आहे.

सायलेन्सरपण. पोलिसांनी आवाजावरून धरलं तर एका दंडात महिन्याचं पाकीट जाईल.

---

एमएच-०९ स्विफ्ट | १५ जून

कॉम्प्रेशन केलं. पहिला १७८ पीएसआय, दुसरा १७५, तिसरा १२८, चौथा १७२. तिसऱ्यात ऑइल सोडल्यावर १६५. म्हणजे उद्यमनगरी काका म्हणाले तसं, रिंगा किंवा बोअर.

कोन फिल्टर आणि सायलेन्सर दोन्ही मिळून ४,००० ला विकले, पैसे इंजिनाच्या खात्यात. मूळ सायलेन्सर पोटमाळ्यावर होता, तोच बसवला. गाडी शांत झाल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा फटका कानाला नीट कळायला लागला. आधी तो आवाजात बुडत होता.

पाकिटातून या तीन महिन्यांत एकच काम केलं. हेडलाइटला रिले (बल्बला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) आणि जाड वायर. जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून फिरून बल्बपर्यंत पोचेस्तोवर करंट मरत होता. बल्ब तेच, ६०/५५ वॅटचे. १,१५० रुपये. आता शिये फाट्यावरून रात्री पावसात येताना कडेची पट्टी दिसते.

टायरचं विचारायचंय. १६५/८० आर १४ आहेत, संपत आलेत. १८५/७० घालू का?

---

तिसरा गिअर | १५ जून

घाल. स्विफ्टच्याच झेडएक्सआय मॉडेलला कंपनीच १८५/७० आर १४ देत होती. चाकाची उंची जेमतेम ५ मिलिमीटरनं कमी होते, मीटरमध्ये एक टक्कासुद्धा फरक नाही. पण संपेपर्यंत थांब. पावसाळ्यात खाच उरली नसेल तर मात्र एक दिवसही थांबू नको.

---

चिल्लरवही | १६ जून

टायर पाकिटातून होणार नाहीत आणि इंजिनाच्या ठेवीतून करायचे नाहीत. पगारातून दोन महिन्यांत दोन-दोन घ्या. पुढचे दोन आधी, असं सगळे म्हणतात, पण मी जिथून घेतले त्या माणसानं नवे मागे लावले. जाणकारांनी सांगावं.

---

घाटमाथा | १६ जून

नवे मागंच लावायचे ताई, तो माणूस बरोबर होता. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की परत धरते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं आपल्यासारख्याचं काम नाही. पण एका गाडीत दोन मापं नकोत. भावा, १८५ घालणार असशील तर चारी एकदम घे.

---

ऊसवाला | २ जुलै

मी शिरोळ तालुक्यातला. माझी जिप्सी आहे, त्यातपण हेच १२९८ चं इंजिन. आमचं दरमहा काही येत नाही, उसाचं बिल एकदम येतं. कायद्यानं १४ दिवसांत यायचं, येतं तेव्हा येतं. आल्याच्या दिवशीच गाडीचा वाटा ठेवीत टाकला नाही तर आठ दिवसांत खत, मजूर, पाहुण्यांचं लग्न यात जातो. तीन हंगाम घालवून चौथ्याला इंजिन झालं.

एक सांगतो. इंजिन उघडायच्या आधी ठरवलेल्या रकमेवर १० हजार जादा ठेव. माझं हेड उतरवल्यावर व्हॉल्व्हच्या गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतात त्या नळ्या) गेलेल्या निघाल्या. पैसे नव्हते म्हणून तशाच ठेवल्या आणि सहा महिन्यांत हेड परत काढलं. मजुरी दोनदा गेली, गॅस्केट दोनदा गेलं.

---

कागदपत्र | ४ सप्टेंबर

या धाग्यावरच नोंदवतो. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५,००० वरून १०,००० झाली आहे, जीएसटी वेगळा. तुमची गाडी २००७ ची, म्हणजे २०२२ ला एकदा झालं असेल, पुढचं २०२७ ला. इंजिनावर खर्च करताना ही रक्कम आणि हरित कर डोळ्यांसमोर असू दे. तपासणीला गाडी न्यावी लागते, तेव्हा ती मूळ अवस्थेच्या जवळ असलेली बरी.

---

एमएच-०९ स्विफ्ट | ९ नोव्हेंबर

दिवाळीचा बोनस १२,००० सरळ ठेवीत. टायर ऑगस्टमध्ये झाले, चारही, पगारातून आणि बायकोनं दिलेल्या ३,००० तून.

अंदाज घेतला : पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट किट २४,०००. मशीनशॉपचं बोअर, होनिंग (बोअरच्या भिंती बारीक घासणं), क्रँक, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्हच्या सीट ११,०००. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल पंप, थर्मोस्टॅट १२,०००. क्लच ८,०००, कारण गिअरबॉक्स उतरतोच आहे. उतरवणं-बांधणं मजुरी १५,०००. एकूण ७०,०००. काका, यात काही राहिलंय का?

---

उद्यमनगरी | ९ नोव्हेंबर

इंजिन ज्यावर बसतं ती माउंटिंग बघ, रबर फाटलं असेल तर आत्ताच बदल. आणि पिस्टन आणलास की बसवायच्या आधी चारही वजन करून घे. पेट्रोल इंजिन साडेपाच हजार आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) फिरताना दोन-तीन ग्रॅमचा फरकही हाताला जाणवतो. जड असेल त्याच्या आतल्या बाजूनं, पिनच्या खालच्या कडेनं थोडं घासायचं, वरच्या डोक्याला हात लावायचा नाही. कनेक्टिंग रॉडचं तेच. याला खर्च नाही, फक्त दोन तास लागतात आणि ते कुणी देत नाही. तुला खरंच कंपनीपेक्षा चांगलं पाहिजे असेल तर ते इथं आहे.

---

एमएच-०९ स्विफ्ट | २५ जानेवारी २०२६

मंडळी, झालं.

७ जानेवारीला आरडी सुटली, व्याजासकट ५०,८०० च्या आसपास. ठेव, बोनस आणि विकलेलं सामान धरून ८८,८०० हातात होते. १० तारखेला इंजिन उतरवलं.

बोअरचं माप घ्यायला डायल गेज मीच लावला, मेस्त्रींनी लावू दिला. रोज कारखान्यात दुसऱ्याच्या पार्टला लावतो, पण त्या दिवशी हात थरथरत होता. तिसऱ्या सिलिंडरमध्ये तळाला ७४.०२ आणि वरच्या बाजूला, रिंग जिथं थांबून परत फिरते तिथं, ७४.०९. नखानं चाचपलं तर वर एक बारीकशी पायरी लागत होती. १८ वर्षं ती पायरी तयार होत होती. ०.५० चे पिस्टन आणले.

वजनासाठी काटा कुठं मिळेना. कारखान्यातला ग्रॅमवर भरवसा ठेवण्यासारखा नव्हता. शेवटी चार पिस्टन पिशवीत घालून गुजरीत गेलो. ओळखीच्या सराफाला सांगितलं काय आहे ते. त्यांनी मखमलीवरच्या बांगड्या बाजूला सारल्या, काट्यावर स्वच्छ कागद टाकला आणि एकेक पिस्टन स्वतःच्या हातानं ठेवून आकडे मला लिहून दिले. सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यात २.८ ग्रॅम. रात्री बसून घासले, दुसऱ्या दिवशी परत गेलो, परत घासले. तिसऱ्या फेरीला चारही पिस्टन ०.१ ग्रॅमच्या आत आले. त्यांनी एक रुपया घेतला नाही.

होनिंग झाल्यावर ब्लॉक उद्यमनगरात उन्हात ठेवला होता. भिंतींवर तिरप्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या, चारही भोकांत सारख्या. त्यात ऑइल धरून राहतं आणि नव्या रिंगा त्यावरच बसतात. मी साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं ते चारही बोअर पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत धुतले. काका, तुम्ही फोनवर म्हणाला होता तसंच. प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरकवून तोंडाची फट फीलर गेजनं बघितली.

खर्च ७०,००० च्या वर गेलाच. व्हॉल्व्हच्या गाइड ३,२०० आणि दोन माउंटिंग ४,८००. एकूण ७८,०००. ऊसवाला दादा, तुम्ही सांगितलेले जादा १० हजार नसते तर मीही गाइड तशाच ठेवल्या असत्या.

उरले १०,८००. ते २०२७ च्या नोंदणीसाठी परत ठेवीत टाकले. ताई, पाकीट अजून चालू आहे, त्यात आज ४,१०० आहेत.

२२ तारखेला पहिल्यांदा चालू केली. धूर नाही. वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "शोरूममधून आणली तेव्हाबी अशीच वाजत होती."

---

उद्यमनगरी | २५ जानेवारी

वाह रे पठ्ठ्या. आता हजार किलोमीटर ३,००० आरपीएमच्या वर नेऊ नको, पण एकाच वेगात हायवेला रेटतही बसू नको. वेग कमी-जास्त करत राहा, चढाला हलकासा जोर दे, उताराला पाय काढ. रिंगा त्यातच बसतात. पाचशेला एकदा ऑइल आणि फिल्टर बदल, हजारला परत.

---

घाटमाथा | २६ जानेवारी

हजार झाले की राधानगरीला ये. मी माझी काढतो, दाजीपूरपर्यंत जाऊ.

---

एमएच-०९ स्विफ्ट | १ मार्च

१,०४० किलोमीटर. दोन्ही वेळचं ऑइल काढून मॅग्नेट फिरवला, पहिल्या वेळी करडी भुकटी होती, दुसऱ्या वेळी जवळजवळ काही नाही. डिपस्टिकवर पातळी हललेली नाही. काल कॉम्प्रेशन परत घेतलं : १९६, १९४, १९५, १९६.

घाटमाथा, रविवारी सकाळी सहाला रंकाळ्यावरून निघतो. ब्रेक ऑइल बदललंय.